शेवंतीला कळ्या धरल्यात आणि एलईडीखाली लाल कोळी आलाय, फुलं उमलायच्या आत काय करता येईल?

कोलशेत_खिडकी (ठाणे)

फ्लॅटमधल्या एका खोलीत दोन मांडण्या आहेत. प्रत्येक फळीवर एलईडी ट्यूब, टायमरवर ११ तास उजेड आणि १३ तास अंधार. आठ इंची कुंड्यांत १४ शेवंती, पांढरी आणि पिवळी. बहुतेक कळ्या हरभऱ्याएवढ्या आणि हिरव्या आहेत, चार कुंड्यांत पाकळीचा रंग दिसायला लागलाय. दुपारी एसी २६ वर असतो, बाकी वेळ फिरता टेबलफॅन. खोलीत आर्द्रता ४० ते ४५ टक्के दिसते.

खालच्या आणि मधल्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आहेत. पानामागे बारीक धुळीसारखं काहीतरी, त्यातलं काही हलतं. दोन कुंड्यांत शेंड्याजवळ जाळी धरली आहे. पिवळे चिकट सापळे टांगले, पण त्यात एकही सापडत नाही. घरात इमिडाक्लोप्रिड आणि कडुनिंबाचं तेल आहे.

फुलं मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या पूजेला हवी आहेत, त्यामुळे वास किंवा डाग चालणार नाहीत. घरात मांजर आहे. प्रश्न तीन: काय फवारायचं, किती दिवसांनी, आणि खोलीतली आर्द्रता वाढवली तर कोळी आटोक्यात येतो हे खरं का?

---

नेरूळ_कुंडीवाला

फवारणीआधी खात्री करून घ्या. पांढरा कागद पानाखाली धरून पान दोन-तीनदा टिचकीने झटका. कागदावर पडलेले ठिपके मिनिटभर पाहत राहा. हळूहळू चालणारे ठिपके बोटाने दाबून कागदावर ओढा. हिरवट किंवा लालसर रेघ उमटली तर कोळी. मग १० पटीचं भिंग घेऊन पानाची मागची बाजू, मधल्या शिरेच्या दोन्ही कडांना बघा. पूर्ण वाढलेली मादी अर्ध्या मिलिमीटरहून जराशी लहान, आठ पायांची, फिकट हिरवट-पिवळी आणि अंगावर दोन गडद डाग. हा दोन ठिपक्यांचा कोळी, टेट्रानिकस उर्टिकी. त्याचं लाल रूपही असतं, उपाय दोन्हींचे तेच. अंडी गोल, काचेच्या मण्यासारखी. पांढऱ्या चुरगळलेल्या साली दिसतील त्या टाकलेल्या काती, त्यांना जिवंत कोळी समजून मोजू नका.

शेवंतीवर याची गल्लत दोघांशी होते. फुलकिड्यांनी पानं खरवडली तर ठिपके नसून चंदेरी ओरखडे दिसतात आणि सोबत डांबरासारखे काळे कण असतात. दुसरा पिवळा कोळी, मिरचीच्या चुरडा-मुरड्यातला. तो कोवळ्या शेंड्यात बसतो, जाळी धरत नाही, पानं वाकडी आणि कडक होतात, आणि १० पटीच्या भिंगाला तो जेमतेम दिसतो. तुमच्याकडे जाळी आहे, म्हणजे दोन ठिपक्यांचाच.

सापळ्यात काही न मिळणं अगदी साहजिक आहे, कोळ्याला पंख नसतात. सापळे फुलकिडे आणि पांढऱ्या माशीसाठी राहू द्या.

इमिडाक्लोप्रिड बाजूला ठेवा. ते मावा-तुडतुड्यांचं औषध आहे. कोळी हा कीटक नाही, त्याच्यावर ते चालत नाही, आणि त्या फवाऱ्यानंतर कोळी उलट वाढल्याचं अनेक पिकांत आढळलंय. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'थ्रिन' येतं, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे, तीही नकोत. कोळ्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी मागे उरतो. शिवाय परमेथ्रिन मांजरांना घातक असतं. आणि शेवंतीची पानं चघळली तरी मांजराला उलट्या होऊ शकतात, तेव्हा त्या खोलीचं दार तसंही बंदच ठेवा.

---

गच्चीवरची_माती (घोडबंदर रोड)

वरच्या उत्तराशी सहमत. आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहितो, लांबेल.

सगळा हिशेब तापमानावर आहे. ३० अंशांना अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत ७ ते ८ दिवस लागतात, अंडं तीनेक दिवसांत फुटतं. २० अंशांना याच प्रवासाला १६-१७ दिवस लागतात. मधे पिल्लू तीनदा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी काही तास निपचित असतं, त्या अवस्थेत औषध नीट लागत नाही. घरात वापरता येण्याजोग्या कुठल्याच फवाऱ्याने सगळी अंडी मरत नाहीत. म्हणून एकदा दणकून फवारलं आणि आठवड्याने पाहिलं तर तेवढीच पलटण परत उभी दिसते, आणि मग "औषध लागू पडलं नाही" म्हणून लोक दुसरी बाटली आणतात. औषध लागू पडलेलं असतं, चुकलेलं असतं ते अंतर. अंड्यातून निघालेलं पिल्लू मादी होऊन अंडी घालायच्या आत त्याला दुसरा फवारा मिळायला हवा. तुमच्या २६-२७ अंशांच्या खोलीत दर तिसऱ्या दिवशी एक, असे चार फवारे, मग आठवड्याने भिंगाने तपासणी.

एसी २६ वरून २२ वर आणता आला तर दोन कामं होतात. कोळ्याची पिढी लांबते, आणि शेवंतीच्या कळ्याही खुश राहतात, कारण ३० च्या वरच्या उष्णतेत त्या रेंगाळतात. वीजबिलाचं गणित तुमचं तुम्ही बघा, पण दिवसरात्र जमत नसेल तर दुपारचे तास तरी धरा.

फवाऱ्याच्या आधी छाटणी. जाळी धरलेले शेंडे कळ्यांसकट कापा. जीव तुटतो, पण तिथेच माद्या वर चढून गोळा झालेल्या असतात आणि धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या कुंडीत जातात. कापायच्या आधी शेंड्यावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घाला, पिशवीसकट कापा, तोंड बांधा. पिशवी दिवसभर कडक उन्हात ठेवून मग ओल्या कचऱ्यात. सोसायटीच्या किंवा घरच्या खतपेटीत थेट टाकू नका. खालची पूर्ण फिकट झालेली पानंही काढा, पण एका झाडाची पाव हिश्श्यापेक्षा जास्त पानं काढू नका. फुलाचं वजन त्यांच्यावरच भरतं.

पंख्याचा झोत झाडांवरून काढून भिंतीकडे वळवा. हवा हलली पाहिजे, कोळ्यांना फुकटची सवारी मिळायला नको.

मग धुणं. अर्धी लढाई इथेच जिंकली जाते आणि लोक नेमकं हेच टाळतात. कुंडीच्या तोंडावर प्लॅस्टिक पिशवी ओढून खोडाभोवती सैल बांधा म्हणजे माती वाहणार नाही. कुंडी बाथरूममध्ये आडवी धरा आणि जेट स्प्रेने एक फुटावरून खालून वर, पानांच्या मागच्या बाजूला पाणी मारा. प्रत्येक फांदी बोटांच्या आधाराने धरा, शेवंतीची फांदी सांध्यात पटकन मोडते. जाळी तुटणं महत्त्वाचं, कारण जाळी शाबूत असेल तर साबणाचा थेंब तिच्यावरच बसून राहतो. बाल्कनीत धुऊ नका, खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गेलं की कोळ्यापेक्षा मोठं प्रकरण होतं.

रंग दिसलेल्या चार कुंड्यांच्या कळ्यांवर धुताना बटर पेपरचे छोटे कोन घाला आणि काम झाल्यावर लगेच काढा. उमलत्या शेवंतीत पाकळ्यांच्या मधे पाणी अडकतं आणि तिथून कूज सुरू होते. धुतल्यावर कुंडी तिरकी करून झटका.

फवाऱ्याला बागकामाचा पोटॅशियम साबण, १ लिटर पाण्यात १० मिली. तीव्रता ब्रँडनुसार बदलते म्हणून लेबल वाचाच. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका. त्यात साबण नसतो, डिटर्जंट असतं, सोबत सुगंध आणि मीठ, त्याने पानांच्या कडा करपतात. दोन लिटरचा हातपंप घ्या, ज्याचं नोझल वर वळतं असा. तुमच्या आकाराच्या झाडाला १५० ते २५० मिली द्रावण लागतं, म्हणजे १४ कुंड्यांना तीन लिटर धरून चाला. लोक अर्ध्या लिटरात सगळं उरकतात, मग पानाची पुढची बाजू चकाचक आणि मागे कोळी सुखात. शेवंतीचं पान मागून लवदार असतं, थेंब लवेवर तरंगतो, म्हणून मागची बाजू ओलीचिंब होऊन गळायला लागेपर्यंत मारायचं. साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की त्याचं काम संपलं. म्हणूनच दोन तासांनी साध्या पाण्याचा हलका फवारा मारून पानं धुतली तरी चालतात, करपण्याचा धोका कमी होतो. पहिल्यांदा एकाच झाडावर मारून दोन दिवस थांबा.

आता वेळ. शेवंती लहान दिवसाचं झाड आहे, सलग लांब अंधार मिळाला तरच कळी पुढे सरकते. रात्री अकराला खोलीतला दिवा लावून फवारत बसलात तर अंधार तुटतो. सगळं काम उजेडाच्या शेवटच्या दोन तासांत करा. एलईडी बंद, खोलीचा साधा दिवा चालू. अंधार सुरू व्हायच्या आत पानं वाळली पाहिजेत, त्यासाठी पंखा. सगळ्या कळ्यांना रंग आला की अंधाराची ही शिस्त सैल केली तरी चालते.

काम करताना आधी निरोगी कुंड्या, शेवटी जाळीवाल्या. उलट क्रमाने गेलात तर शर्टाच्या बाहीवरून तुम्हीच कोळी वाटत जाल.

---

वाशी_सेक्टर१७

वरच्यात एक भर आणि एक विरोध.

भर खताची. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) चालू असेल तर आजच थांबवा. नत्र जास्त मिळालेल्या लुसलुशीत पानावर कोळ्याची मादी जास्त अंडी घालते. कळ्यांना रंग येईपर्यंत आठवड्यातून एकदा ०:०:५० (फक्त पालाश), लिटरला १ ग्रॅम, नंतर साधं पाणी. आणि झाड पाण्यावाचून कोमेजू देऊ नका, तहानलेल्या झाडावर कोळी झपाट्याने वाढतो.

विरोध असा की साबणाचे चार फवारे या अवस्थेत थोडे जास्तच होतात. मी पहिला साबण, दुसरा ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबातून काढलेला कीडरोधक घटक) १०,००० पीपीएम, लिटरला २ मिली, तिसरा परत साबण असं सुचवेन. ॲझाडिरॅक्टिन मोठ्या कोळ्याला लगेच मारत नाही, पण पिल्लांची कात अडवतं आणि माद्यांची अंडी घटवतं. साबण फक्त समोर दिसेल त्याला मारतो.

---

गच्चीवरची_माती

हिरव्या कळ्यांच्या कुंड्यांना ॲझाडिरॅक्टिन चालेल, हे मान्य. रंग दिसलेल्या चार कुंड्यांना नको. तेलकट द्रावण पांढऱ्या पाकळीवर पारदर्शक डाग पाडतं आणि वास आठवडाभर जात नाही. पूजेची फुलं आहेत ती. त्या चार कुंड्यांना फक्त धुणं, आणि साबण कळ्यांच्या खालच्या पानांपुरता.

घरात जे कडुनिंबाचं तेल आहे ते म्हणजे ॲझाडिरॅक्टिन नव्हे, एवढं मात्र धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावं. कच्च्या तेलात त्याचं प्रमाण बाटलीगणिक वेगळं असतं. ते तेल मुख्यतः कोळ्याला गुदमरवतं, आणि नीट फेटलं नाही तर वर तरंगून शेवटच्या कुंडीवर शुद्ध तेलाचा मारा होतो, तिची पानं जातात. हिरव्या कळ्यांवर वापरायचंच असेल तर लिटरला ३ मिली, आधी तेल आणि २ मिली पोटॅशियम साबण थोड्या कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत फेटा, मग बाकीचं पाणी घाला, आणि फवारताना पंप हलवत राहा.

---

खारघर_हरित

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून. कोरडी हवा कोळ्याला मानवते हे खरं. आपल्याकडे पावसाळ्यात तो जवळपास दिसत नाही आणि ऑक्टोबरच्या उकाड्यापासून मेपर्यंत डोकं वर काढतो. एसीची खोली त्याच्यासाठी बारमाही फेब्रुवारी आहे. पण कळ्या उमलत असताना खोलीत ह्युमिडिफायर लावून ८० च्या वर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, नेमकी थंड आणि दमट हवेत उमलत्या फुलात घुसते. पाकळीवर पाणी भिजल्यासारखे तपकिरी ठिपके पडतात आणि दोन दिवसांत राखाडी लव येते. एसी २२ वर नेणार असाल तर हा धोका आणखी वाढतो. ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा. कोळी त्याने मरत नाही, फक्त त्याची घाई थोडी कमी होते. आर्द्रता वाढवायचा उपाय कळ्या धरायच्या आधीचा.

गंधकही कुणीतरी सुचवेलच. ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर हा वाढीच्या अवस्थेत स्वस्त उपाय आहे, पण आता नाही. पाकळ्यांवर पिवळट पूड बसते, बंद खोलीत घसा धरतो. ३०-३२ अंशांच्या वर पानं भाजतात. आणि तेलाच्या फवाऱ्यापासून दोन आठवड्यांचं अंतर राखलं नाही तर भाजणं अटळ.

---

कोलशेत_खिडकी

सगळ्यांचे आभार. कागदाची चाचणी केली, हिरवट रेघा उमटल्या, भिंगाखाली दोन काळे डाग स्पष्ट दिसतात. जाळीचे शेंडे कापले.

अडचण अशी आली की आमच्याकडे सध्या टँकरचं पाणी आहे. त्यात पोटॅशियम साबण टाकला तर दह्यासारखे कण होऊन पंपाची जाळी तुंबते. साबण खराब आहे का?

दुसरं, रंग दिसलेल्या कुंड्यांपैकी एकीत आता कळीच्या देठावर कोळी दिसतोय, खाली नाही. ती टाकून द्यावी का?

---

नेरूळ_कुंडीवाला

साबण चांगला आहे, पाणी जड आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं असतं. ते साबणाला धरून न विरघळणारा चोथा करतं आणि कोळ्यावर काम करायला साबण उरतच नाही. साबण वाढवून फायदा नाही, चोथाच वाढेल. पारदर्शक बाटलीत एक ग्लास पाणी आणि चार थेंब साबण घालून हलवा. दुधाळ आणि एकसारखं झालं तर वापरा, खाली-वर कण दिसले तर पाणी बदला. महापालिकेच्या नळाला येणारं धरणाचं पाणी मऊ असतं, ते मिळालं तर साठवून ठेवा. नाहीतर आरओचं शुद्ध पाणी घ्या, त्याच्या सांडपाण्याच्या नळीतलं नको, ते आणखी जड. सगळ्यात सोपं म्हणजे एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली लावा. ते पाणी क्षाररहित असतं, फक्त फडक्यातून गाळून घ्या. तीन लिटर एका दुपारीत जमतात. धुण्यासाठी टँकरचं पाणी चालेल, फक्त वाळल्यावर पानांवर पांढरट डाग राहतील, ते कोळ्याचे समजू नका.

ती कुंडी टाकू नका. एकदम वेगळ्या खोलीत न्या, पण तिथेही रात्री दिवा नको. देठावरचे कोळी रंगकामाच्या मऊ, बारीक ब्रशने साबणाच्या द्रावणात बुडवून पुसून घ्या, कळीच्या हिरव्या बुंध्यापर्यंतच. ब्रश दर दोन कळ्यांनंतर स्वच्छ पाण्यात खळबळा. वेळखाऊ आहे, पण एका कुंडीला वीस-पंचवीस कळ्या म्हणजे अर्ध्या तासाचं काम. फूल अर्धं उमललं की देठासकट कापून फुलदाणीत घ्या, झाडावर पूर्ण उमलू देऊ नका. कापल्यावर देठाची पानं काढून फूल उलटं धरून पांढऱ्या कागदावर झटका. काही चालताना दिसलं नाही तर ते फूल पूजेला निःशंक वापरा.

---

ऐरोली_रोपवाटिका

कोळीनाशकांचा विषय निघाला नाही, म्हणून लिहितो. दुकानदार पहिली गोष्ट तीच देतो.

स्पायरोमेसिफेन २२.९ एससी, फेनपायरॉक्सिमेट ५ ईसी, प्रोपरगाईट ५७ ईसी, हेक्सीथायाझॉक्स, इटोक्साझोल, अबामेक्टिन १.९ ईसी ही सगळी कोळ्यावर चालतात. स्पायरोमेसिफेन, हेक्सीथायाझॉक्स आणि इटोक्साझोलची ताकद अंडी आणि पिल्लांवर जास्त आहे. प्रोपरगाईट आणि फेनपायरॉक्सिमेट चालत्या-फिरत्या कोळ्यावर. अबामेक्टिन पानात थोडं मुरतं, म्हणून फवारा चुकलेल्या जागीही पोहोचतं. डायकोफॉलची जुनी बाटली कुणाकडे पडली असेल तर वापरू नका, २०२३ मध्ये त्यावर देशात बंदी आली.

पण ही सगळी शेतासाठी आहेत, राहत्या घरासाठी नाहीत. बाटलीवरचा विषाची तीव्रता दाखवणारा चौकोन बघा, त्यात खालचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ती बाटली फ्लॅटच्या दारातून आत आणू नका. निळा असला तरी बंद खोलीत, एसी चालू असताना, मांजर असलेल्या घरात फवारणं हे डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचं काम नाही. लेबलवर ज्या पिकांची नावं आहेत त्याच पिकांवर ते औषध द्यायचं असतं, आणि तुमच्या फुलांना पूजेत हात लागणार, वास घेतला जाणार. शेवंतीचा चहा करणार असाल तर प्रश्नच मिटला. तेव्हा या हंगामात रसायन नको, हे माझं स्पष्ट मत.

पुढच्या हंगामात, कळ्या धरायच्या बऱ्याच आधी, कुंड्या मोकळ्या गच्चीवर नेता येत असतील आणि सोसायटीची हरकत नसेल तरच विचार करा. तेव्हाही एक औषध ओळीने दोनदा नाही. ब्रँड बदलणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच अबामेक्टिन असू शकतं, म्हणून घटकाचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. कोळ्याच्या पिढ्या इतक्या भराभर होतात, आणि मीलनाविना घातलेल्या अंड्यांतूनही नर जन्मतात, की तेच तेच औषध मारलं तर त्याला न दाद देणारी जात तुम्हीच तुमच्या खोलीत तयार करता. एका रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर दुकानातलं औषध लागूच पडत नाही असं होतं ते यामुळे. कोळी येतानाच शिकून आलेला असतो.

---

खारघर_हरित

कोळी खाणारे कोळी मागवता येतील का, असं कुणी विचारायच्या आधीच लिहितो. फायटोसेइउलस पर्सिमिलिस हा परदेशी हरितगृहांतला प्रसिद्ध शिकारी, आपला देशी निओसेइउलस लाँजिस्पिनोससही कामाचा. पण दोघांनाही दमट हवा लागते, ४५ टक्क्यांत त्यांची अंडी सुकतात. साबणाच्या फवाऱ्यात तेही मरतात. जाळी धरल्यावर आणि फुलं तोंडावर आल्यावर त्यांना वेळही पुरत नाही. चौदा कुंड्यांसाठी हा खटाटोप नको.

---

कोलशेत_खिडकी

एसीच्या पाण्यात साबण व्यवस्थित दुधाळ झाला. हिरव्या कळ्यांच्या कुंड्यांना साबण-ॲझाडिरॅक्टिन-साबण, रंगाच्या कुंड्यांना धुणं आणि ब्रश, असं ठरवलं.

शेवटचा प्रश्न. फुलं काढून झाल्यावर त्याच झाडांच्या काश्या (बुंध्यातून फुटणारी पिल्लं) पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या आहेत. कोळी त्यांच्याबरोबर राहील का?

---

गच्चीवरची_माती

हो, राहील. फुलं संपली की कोळी खाली उतरून बुंध्याच्या कोवळ्या फुटव्यांवर बसतो, म्हणजे नेमक्या काश्यांवरच. झाड मातीपासून चार बोटं ठेवून कापा, कापलेलं सगळं पिशवीत. मातीवर पडलेली सुकी पानं वेचून काढा. काश्या दोन-तीन पानांच्या झाल्या की कुंडी न उपटता साबणाचे तीन फवारे, त्याच तीन दिवसांच्या अंतराने. आता फुलांची भीती नाही, म्हणून पूर्ण भिजवा. काश्या वेगळ्या करताना ज्यांच्या पानामागे एकही अंडं दिसतं त्या ठेवू नका. कुंडीगणिक पाच-सहा चांगल्या काश्या मिळाल्या तरी पुरतात.

मांडण्या रिकाम्या असताना फळ्या, ट्यूबच्या पट्ट्या, टायमरची वायर, खिडकीची चौकट साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या. भेगांमध्ये माद्या लपतात. खोली रिकामी ठेवता आली तर दोन आठवडे ठेवा, खायला पान नसेल तर त्या फार टिकत नाहीत. खिडकीतली जास्वंद, गुलाब किंवा अॅडेनियम तपासायला विसरू नका. घोडबंदरच्या बांधकामांची धूळ त्यांच्या पानांवर बसते आणि धुळकट पान कोळ्याला आवडतं. बहुतेक वेळा खोलीत कोळी तिथूनच येतो.

---

नेरूळ_कुंडीवाला

आणि नवीन रोप आणलं की ते मांडणीवर थेट नको. दहा दिवस वेगळं ठेवा, मधे दोनदा कागदावर झटका. नर्सरीतली शेवंती वरून कितीही हिरवीगार दिसली तरी खालची तीन पानं उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.